अंजूची अथेन्सची उडी

अंजू बॉबी जॉर्जचं सगळ्यांना माहीत असलेलं पदक म्हणजे पॅरिसचं. ३० ऑगस्ट २००३, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, लांब उडी, ६.७० मीटर, कांस्य. जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत भारताला मिळालेलं ते पहिलं पदक. दुसरं यायला १९ वर्षं लागली. २०२२ मध्ये यूजीनला नीरज चोप्राच्या भाल्यानं ते आणलं. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं हे सगळं पाठ करतात आणि ते योग्यच आहे.

पण माझ्या मनात अंजू म्हटलं की पॅरिस येत नाही, अथेन्स येतं. पॅरिसनंतर वर्षभरानं, ऑगस्ट २००४ मध्ये, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ती ६.८३ मीटर उडाली. पॅरिसपेक्षा १३ सेंटिमीटर जास्त. आयुष्यातली सगळ्यात लांब उडी, आणि तीही खेळाडूला मिळू शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या मैदानावर. हीच उडी पॅरिसला पडली असती तर रौप्य मिळालं असतं, कारण तिथं दुसऱ्या आलेल्या तात्याना कोतोवाची उडी ६.७४ होती. अथेन्सला मात्र त्या ६.८३ चा नंबर लागला सहावा. आपल्याकडे त्याचा हिशेब ‘अंजूचंही पदक गेलं’ एवढाच झाला. उद्घाटनाला तिच्याच हातात तिरंगा होता, म्हणून ते ‘गेलं’ जरा जास्तच बोचलं असावं.

एखादी बाई स्वतःच्या उभ्या आयुष्यात केलं नाही इतकं चांगलं करते, ऐन वेळी करते, जिथं करायला हवं तिथं करते, आणि तो दिवस तिच्या अपयशाच्या खात्यात जमा होतो. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

लांब उडी हा खेळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आणि म्हणूनच तो नीट कुणी बघत नाही. आमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला एक खड्डा होता. गणपतीनंतर शाळांच्या स्पर्धा जवळ आल्या की पीटीचे सर चार पोरांना फावडी देत आणि पावसानं घट्ट झालेली वाळू उकरून घेत. फक्कीची एक रेघ मारली की झालं. ज्याला धावता येतं त्यानं धावत यायचं आणि रेघेवरून उडायचं. मग ‘रेघ तुटली’, ‘नाही तुटली’ यावरून भांडण, आणि टेप धरणारा कुणाच्या तुकडीतला यावरून दुसरं भांडण. उडी म्हणजे पायातली ताकद, अशी आमची समजूत होती.

खरं म्हणजे या खेळातला उडीचा भाग फार थोडा. हवेतला वेळ एक सेकंदही नसतो. बाकी सगळं धावणं आहे, आणि तेही एका विशिष्ट जागी संपणारं धावणं. धावपट्टी ४० मीटर किंवा त्याहून लांब. खेळाडू आपलं अंतर आधी मोजून ठेवतो, पट्टीच्या कडेला खूण लावतो आणि तिथून अठरा-वीस पावलं टाकत वेग वाढवत येतो. शेवटचं पाऊल पडायला हवं ते २० सेंटिमीटर रुंदीच्या पांढऱ्या फळीवर. फळीपुढे पाय गेला की लाल झेंडा. अंजूच्या काळात त्या कडेला मेणमातीसारख्या मऊ पदार्थाची पट्टी असे. बुटाचं टोक तिच्यावर उमटलं की पंचांना वेगळा पुरावा लागत नसे. आता ते काम कॅमेरा करतो.

उडी मोजतात ती पायापासून नाही, फळीच्या पुढच्या कडेपासून. तुम्ही दहा सेंटिमीटर मागून उडालात तर ते दहा सेंटिमीटर तुमचे गेले. उडालात, पण हिशेबात नाहीत. पॅरिसला अंजू आणि चौथी आलेली ब्रिटनची जेड जॉन्सन यांच्यात फरक होता सात सेंटिमीटरचा, म्हणजे चार बोटांचा. म्हणून फळीपासून लांब उडण्याची चैन परवडत नाही, आणि जवळ जाण्यात लाल झेंड्याची भीती. वारा किंचित पाठीमागून आला तर पावलं लांब पडतात, समोरून आला तर आखूड. धावपट्टी कडक असेल तर वेगळं, अंग थकलेलं असेल तर वेगळं. हे सगळं धावता धावता शेवटच्या चार-पाच पावलांत डोळ्यांनी जोखून सावरायचं असतं. शेवटून दुसरं पाऊल जरा लांब टाकायचं, कंबर किंचित खाली आणायची, आणि मग शेवटचं पाऊल झटकन, जवळजवळ सपाट. फळीवर पाय टेकलेला असतो तो सेकंदाच्या साधारण आठव्या भागापुरता. तेवढ्यात आडव्या वेगातला थोडा वेग उभा करायचा. थोडाच, जास्त करायला गेलं की वेग मरतो.

हे शिकायला वर्षं लागतात आणि विसरायला एक दुखापत पुरते. अंजूची सुरुवात हेप्टॅथलॉनपासून झाली, म्हणजे दोन दिवसांत सात प्रकार. कोट्टायम जिल्ह्यात चंगनाश्शेरीजवळच्या चीरंचिरा गावची ही मुलगी. तिला घडवलं ते कोरुथोडू या डोंगराळ गावातल्या शाळेनं, आणि तिथल्या के. पी. थॉमस या मास्तरांनी. या एका शाळेनं केरळला किती खेळाडू दिले याची कथा स्वतंत्रपणे लिहिण्यासारखी आहे. थॉमस मास्तरांना २०१३ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मग त्रिशूरचं विमला कॉलेज. तिहेरी उडीतही तिनं राष्ट्रीय विक्रम केला होता. पुढे पायाच्या दुखापतीनं सिडनीचं ऑलिंपिक हुकलं.

केरळ आणि उड्या हे नातं अंजूच्या आधीचं आहे. कोल्लम जिल्ह्यातले टी. सी. योहन्नन १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत ८.०७ मीटर उडाले. तो तेव्हा आशियाई विक्रम ठरला, आणि भारतीय विक्रम म्हणून तर तो तीस वर्षं टिकला. (त्यांचा मुलगा टिनू भारताकडून कसोटी क्रिकेट खेळला, आणि आपल्याकडची प्रसिद्धीची गणितं अशी की बापापेक्षा मुलाचं नाव जास्त लोकांना माहीत आहे.)

अंजूच्या कारकिर्दीतलं वळण मात्र एका माणसाच्या निर्णयात आहे. रॉबर्ट बॉबी जॉर्ज स्वतः तिहेरी उडीचा राष्ट्रीय विजेता. घर कन्नूरकडचं, पेरावूरचं, आणि खेळाडूंचं. व्हॉलीबॉलचा जिमी जॉर्ज हा त्याचा थोरला भाऊ. इटलीत जाऊन व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळलेला आणि तिथंच १९८७ मध्ये कार अपघातात गेलेला. बॉबीनं स्वतःची कारकीर्द थांबवली आणि अंजूचा प्रशिक्षक झाला. २००० साली त्यांचं लग्न झालं. आपल्याकडे बायकोच्या करिअरसाठी नवऱ्यानं स्वतःचं सोडणं ही आजही बातमी होते. त्या वेळी तर नातेवाइकांनी काय काय ऐकवलं असेल याची कल्पना करता येते. प्रशिक्षक नवरा असण्याचे तोटेही असणार. सकाळी मैदानावर ज्यानं चुका काढल्या, तोच रात्री जेवायला समोर. पण २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला तिनं ६.७४ चा राष्ट्रीय विक्रम केला. त्यानंतर २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आलं, तेव्हा तो निर्णय योग्य होता की नाही हा प्रश्न संपला.

२००३ मध्ये हे दोघं अमेरिकेत माइक पॉवेलकडे गेले. पॉवेल म्हणजे ८.९५ मीटर, पुरुषांचा अजून न मोडलेला विश्वविक्रम. बॉब बीमननं १९६८ मध्ये मेक्सिको सिटीला ८.९० ची उडी मारली होती. ती तेवीस वर्षांनी टोकियोत पॉवेलनं मोडली. तारीख होती ३० ऑगस्ट १९९१. म्हणजे त्या विक्रमाला बरोबर बारा वर्षं झाली त्या दिवशी त्याच्या शिष्येनं पॅरिसला पदक घेतलं. योगायोगच, पण मला आवडतो. आणखी एक गोष्ट. पॉवेल त्या दिवसापर्यंत कार्ल लुईसला कधीच हरवू शकला नव्हता, आणि एवढा विक्रम करूनही ऑलिंपिक सुवर्ण त्याला मिळालं नाहीच. १९८८ आणि १९९२, दोन्ही वेळा रौप्य. सगळ्यात लांब उडणारा माणूस आणि सगळ्यात मोठं पदक यांची भेट होईलच असं नसतं, हे शिकवायला त्याच्याइतका योग्य मास्तर दुसरा कोण मिळणार होता?

पॅरिसला सुवर्ण घेतलं ते फ्रान्सच्या युनिस बार्बरनं, ६.९९ मीटर. तीही मुळात हेप्टॅथलॉनची, आणि त्याच स्पर्धेत त्या प्रकारात रौप्य घेऊन आलेली. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. त्या गर्दीत अंजूनं ६.७० काढले. खेलरत्न आणि पद्मश्री त्यानंतरचे.

मग अथेन्स. पहिले तीन क्रमांक तिन्ही रशियाचे: तात्याना लेबेदेवा ७.०७, इरिना सिमागिना ७.०५, तात्याना कोतोवा ७.०५. चौथी ऑस्ट्रेलियाची ब्रॉनविन थॉम्प्सन, ६.९६. पाचवी अमेरिकेची मॅरियन जोन्स, ६.८५. सहावी अंजू. कांस्यपदक तिच्यापासून २२ सेंटिमीटर दूर होतं, म्हणजे ‘थोडक्यात हुकलं’ असंही म्हणता येत नाही. मिल्खासिंग १९६० मध्ये रोमला चौथे आले, पी. टी. उषा १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सेकंदाच्या शंभराव्या भागानं चौथी आली; त्या हुकण्याला आपण एक करुण गोडवा दिला आहे. सहाव्या क्रमांकाला तोही मिळत नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. दहावी आली. दुष्काळी मुलखातून निघून जगात दहावी! आपण चार दिवस टाळ्या वाजवल्या आणि विसरलो. पदकांच्या तक्त्यात तीनच रकाने असतात आणि आपली नजर त्याच्या पुढे सरकत नाही.

अंजूच्या बाबतीत गंमत अशी की तिचे निकाल नंतर सरकत राहिले. २००७ मध्ये मॅरियन जोन्सनं उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली आणि सप्टेंबर २००० पासूनचे तिचे सगळे निकाल रद्द झाले. अंजू कागदोपत्री पाचवी झाली. हेलसिंकीच्या २००५ च्या जागतिक स्पर्धेत अंजू पाचवी होती. त्याच वर्षी मोनॅकोच्या वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स फायनलमध्ये ती ६.७५ उडून दुसरी आली, कोतोवा पहिली. मग २०१३ मध्ये जाहीर झालं की हेलसिंकीला घेतलेला कोतोवाचा नमुना पुन्हा तपासला आणि त्यात बंदी असलेलं औषध सापडलं. तिचे तिथून पुढच्या दोन वर्षांतले निकाल गेले. हेलसिंकीला अंजू चौथी झाली आणि मोनॅकोचं रौप्य सुवर्ण झालं. हे सुवर्ण तिला २०१४ मध्ये मिळालं, नऊ वर्षांनी. तोवर ती उडी मारायची थांबली होती.

नऊ वर्षांनी आलेलं सुवर्ण म्हणजे नेमकं काय आलं? धातू आला, नोंद दुरुस्त झाली. त्या संध्याकाळी मोनॅकोत पदक-मंचावर मधल्या पायरीवर उभं राहणं, त्यानंतर येणारे प्रायोजक, पुढच्या स्पर्धांची निमंत्रणं, देशातल्या वर्तमानपत्राचं पहिलं पान, हे त्यात नव्हतं. खेळाडूची कमाई करण्याची वर्षं सात-आठ असतात. त्या वर्षांतली दुसऱ्यानं घेतलेली जागा पस्तिशी ओलांडल्यावर परत मिळते, तेव्हा ती जागा राहिलेली नसते. न्याय झाला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. झाली ती दुरुस्ती.

अथेन्सचं काय, हा प्रश्न अंजूनं स्वतः जाहीरपणे विचारला आहे. त्या निकालातल्या तिघींपैकी कोतोवाचं २००५ चं प्रकरण वर आलंच. लेबेदेवाची २००८ च्या बीजिंगमधली दोन्ही रौप्यपदकं नमुन्यांच्या फेरतपासणीत २०१७ मध्ये गेली. पण २००४ चं अथेन्स जसंच्या तसं आहे. त्या वेळचे नमुने आठ वर्षं ठेवायचा नियम होता, म्हणजे २०१२ पर्यंत. ती मुदत संपली. एका वर्षीच्या पदकाविरुद्ध दुसऱ्या वर्षीचा पुरावा चालत नाही, आणि चालूही नये. तसं करायला लागलो तर कुणाचंच काही शिल्लक राहणार नाही. तरीही यादी वाचताना मनात जे यायचं ते येतंच.

या सगळ्यात तिच्या शरीराची गोष्ट उशिरा कळली. डिसेंबर २०२० मध्ये अंजूनं ट्विटरवर लिहिलं की तिला एकच मूत्रपिंड आहे, साध्या वेदनाशामक गोळीचीही अ‍ॅलर्जी आहे, आणि तरीही ती जगात वरपर्यंत गेली. लांब उडीत शेवटच्या पावलाला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार घोट्यावर, गुडघ्यावर आणि कमरेवर येतो. हे दिवसातून कित्येकदा, वर्षानुवर्षं. या खेळात दुखणं हा अपवाद नसतो, तो रोजचा सोबती. ते दुखणं गोळीशिवाय काढायचं! आणि हे खेळत असताना कुणाला सांगायचं नाही. का सांगितलं नाही हे समजण्यासारखं आहे. आपल्याकडे अशी गोष्ट आधी कळली असती तर तिला धावपट्टीवर उभं करण्याआधी दहा समित्या बसल्या असत्या.

२००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत रौप्य. मग बीजिंग २००८, पात्रता फेरी. तीन उड्या, तिन्ही बाद. निकालाच्या तक्त्यात तिच्या नावापुढे अंतरच नाही. अठरा-वीस पावलांचं ते गणित तिन्ही वेळा चुकलं.

२०२४ च्या सुरुवातीला जागतिक संघटनेकडून एक विचार पुढे आला: फळी काढून टाकायची, त्याऐवजी एक रुंद पट्टा ठेवायचा आणि जिथून पाय उचलला तिथूनच अंतर मोजायचं. म्हणजे बाद उड्या कमी, प्रेक्षकांचा वेळ वाया जाणार नाही. कार्ल लुईसनं त्याची एप्रिल फूल म्हणून खिल्ली उडवली आणि मला ती अगदी पटली. असा नियम असता तर बीजिंगला अंजूच्या नावापुढे एक आकडा लागला असता, हे खरं. पण मग आमच्या शाळेच्या खड्ड्यावरचं भांडणही उरलं नसतं. नेमक्या जागी पाय पडणं हीच तर यातली अर्धी कला. ती काढली तर उरतं ते वेगानं येऊन वाळूत पडणं.

अंजू आणि बॉबी आता बंगळूरला मुलं घडवतात. त्यांच्या शिष्येचं, शैली सिंगचं नाव २०२१ मध्ये सगळ्यांना कळलं. झाशीची मुलगी, आई शिवणकाम करणारी. नैरोबीच्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ती ६.५९ उडाली आणि स्वीडनच्या माया ऑस्कागनं ६.६० मारली. एका सेंटिमीटरनं रौप्य. त्याच वर्षी जागतिक संघटनेनं अंजूला ‘वुमन ऑफ द इयर’ पुरस्कार दिला, तो तिच्या उड्यांसाठी नव्हता. मुलींना खेळात आणण्याच्या या कामासाठी होता.

शैली २०२३ मध्ये बंगळूरलाच ६.७६ उडाली. पॅरिसच्या कांस्यापेक्षा जास्त, पॅरिसच्या रौप्यापेक्षाही जास्त, आणि राष्ट्रीय विक्रमापेक्षा सात सेंटिमीटर कमी. तो राष्ट्रीय विक्रम म्हणजे अंजूची अथेन्सची ती सहाव्या नंबरची उडी. भारतात इतक्या मुली इतकी वर्षं जिच्या मागे धावत आल्या, ती पदकाची उडी नाहीच. उद्या शैलीनं किंवा आणखी कुणी ६.८४ मारले की बातमीत ‘अथेन्स, २००४’ असं छापावं लागेल, आणि तेव्हा तरी कुणी विचारेल की त्या दिवशी अंजू नेमकी हरली होती ती कुठं.